बर्फाला भोक पाडून ट्राउट धरला (आणि एक प्रश्न, भावाच्या शेततळ्याचा)

रामबागकर (फेब्रुवारी, रविवार दुपार)

मंडळी, सहा आठवडे लेकीकडे मिशिगनला काढून परवा इंदुरात उतरलो. आधी पोहे-जिलेबी, मग झोप, आणि आता हा धागा. प्रवासवर्णन लिहीत नाही, ती इथे पोत्याने पडली आहेत. एकच गोष्ट सांगतो आणि शेवटी एक प्रश्न विचारतो. प्रश्न खरा आहे, थट्टा त्यानंतर करा.

जावयाच्या शेजाऱ्याच्या घरामागे त्याचं स्वतःचं तळं आहे. आपल्या बिलावली तलावापुढे डबकंच म्हणा. पाऊण एकर असेल, मधे चौदा-पंधरा फूट खोल. हा गृहस्थ दर ऑक्टोबरात पाणी गार झालं की हॅचरीच्या (मासे पैदास केंद्राच्या) टँकरमधून रेनबो ट्राउट आणून त्यात सोडतो, फूटभर लांबीचे. पुढे तळं गोठलं की त्यावर चालत जायचं, भोकं पाडायची आणि मासे काढायचे. मी चोरलला आणि यशवंतसागरला तरुणपणी बरेच गळ टाकलेत, हे जावयाने त्याला सांगून ठेवलेलं. बोलावणं आलं.

सकाळी उणे नऊ. शेजारी पुढे, हातात आपल्या पहारीसारखी लोखंडी कांब. दोन पावलं टाकायची, कांब आपटायची, आवाज ऐकायचा, मग पुढे. त्याचा हिशोब साधा होता: काचेसारखा स्वच्छ, काळपट बर्फ चार इंच असला की माणूस चालू शकतो. दुधी, पांढरा असेल तर दुप्पट जाडी हवी, कारण त्यात हवा आणि ओला हिमचुरा असतो. त्या दिवशी नऊ इंच भरला. तरी पहिली दहा पावलं मी रामरक्षा म्हणत टाकली, खोटं कशाला बोलू.

त्यात तळं आवाज करतं! कुठेतरी दूर टणक तार तुटावी तसा 'ट्युंऽऽव' आणि त्यामागे पोटात गडगड. मी सरळ काठाकडे पळालो. शेजारी हसून म्हणाला, थंडीने बर्फ आकसतो, ताणला जातो, त्याचा तो आवाज.

भोक पाडायला मोठं गिरमिट. सुताराकडे असतं तसंच, फक्त कमरेएवढं आणि पातं आठ इंचांचं. आरपार गेलं की भसकन पाणी वर येतं, सोबत बर्फाचा चुरा. तो काढायला त्याच्याकडे एक चाळणीचा डाव होता. मी म्हटलं, अरे, हा तर झारा! आमच्या सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, याने जिलेबी काढतात. दर पाच मिनिटांनी भोकावर साय धरते, परत झारा फिरवायचा. ते काम मी आनंदाने अंगावर घेतलं, हाताच्या सवयीचं होतं.

आता खरी गंमत. लेक म्हणाली, बाबा, आडवे पडा आणि आत बघा. बर्फावर चटई टाकून पोटावर झोपलो, आमच्या हिची शाल डोक्यावरून भोकाभोवती ओढून घेतली, वरचा उजेड बंद. मला वाटलं आत काळोख असेल. तर आत उजेड होता! हिरवट, दुधी, सगळीकडून येणारा. अगदी तळाशी गेल्या उन्हाळ्याचं शेवाळ आडवं झालेलं दिसत होतं. माझं आमिष चार फुटांवर लटकत होतं, मक्याचा एक दाणा, बारीकशा गळाला. आणि ट्राउट आला. मी तळाकडे बघत होतो, तो आला बाजूने, बर्फाच्या पोटाला जवळजवळ घासत. अंगावर गुलाबी पट्टा, पाठीवर मोहरी सांडल्यासारखे ठिपके. दाण्यापुढे थांबला. कल्ले उघडझाप करताना दिसत होते. तोंड उघडलं, दाणा आत घेतला आणि थुंकला. हो, थुंकला! वर उभ्या माणसाला रॉडच्या टोकावरून काही म्हणजे काही कळलं नसतं. पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला. तिसऱ्यांदा मी मनगट उचललं.

असे तीन धरले. चौथ्याची कहाणी अशी की हात बधिर झाले म्हणून खिशात घातले आणि रॉड भोकाशेजारी बर्फावर ठेवला, चोरलच्या काठावर ठेवतो तसा. सर्रकन आवाज आला. वळून बघतो तर रॉडची मूठ भोकात उभी, आणि पुढच्या क्षणी तीही नाही. अडीच फुटांचा रॉड, आठ इंचांचं भोक. तेवढं पुरलं. वस्तू शेजाऱ्याची. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या रॉडवर रीळ मोकळं सोडून तो बादलीवर आडवा ठेवून दाखवला, त्यातच काय ते बोलणं आलं.

आता प्रश्न. धाकट्या भावाचं सिमरोलच्या पुढे शेत आहे, तिथे शेततळं आहे, तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल. माझे फोटो बघून त्याच्या डोक्यात भरलंय की नोव्हेंबर ते फेब्रुवारी तळ्यात ट्राउट सोडायचे. बर्फ नसू दे, म्हणतो, थंडी तर आहे. जमेल का?

मिसळखाऊ_पुणे

झारा आवडला. एक बावळट शंका: तळं गोठतं तर मासे का गोठत नाहीत? आणि वर झाकण बसल्यावर श्वास कसला घेतात?

सराफा_बारा_वाजता

काका तुम्ही तर कमाल करून टाकली! शेततळ्यात करूनच टाका भिया. थंडी कमी पडली तर बर्फाच्या लाद्या टाकून देऊ. पालद्यात कारखाने आहेत.

तळेराखण

मत्स्यशास्त्र शिकलोय आणि पोटापाण्यासाठी तेच करतो, तर थोडं लिहितो.

मिसळखाऊ, शंका बावळट नाही, सगळा खेळ तिथेच आहे. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. त्याहून गार झालं की हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं. म्हणून तळ्याच्या तळाशी ४ अंशांचं पाणी आणि वर बर्फाचं पांघरूण, अशी मांडणी होते. मासा गोठत नाही, फक्त मंदावतो. काकांचा ट्राउट थुंकत बसला त्याचं कारण हेच. थंडीत त्याला भूकही कमी आणि घाईही नाही. हे मासे हॅचरीत गोळ्या खाऊन वाढलेले, त्यामुळे मका काय, कणकेसारखं रंगीत आमिष काय, तोंडात घेऊन बघतात. दोरी जाड असली की तेही करत नाहीत.

श्वासाचं म्हणाल तर गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. ० अंशाला लिटरमागे साडेचौदा मिलीग्रॅमच्या आसपास, २० अंशांना ९, ३० ला साडेसात. म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर तळं भरलेल्या शिदोरीनिशी झाकलं जातं. स्वच्छ बर्फातून ऊन आत जातं, पाणवनस्पती थोडा प्राणवायू करत राहतात. पण वर फूटभर भुरभुरीत हिम पडून राहिलं की उजेड बंद. मग तळाचं शेवाळ कुजतं आणि ते उलट प्राणवायू खातं. कुजणं तळाशी असल्याने कमतरता खालून वर चढते, आणि ट्राउट बर्फाच्या पोटाशी येऊन फिरतो. काका तळाकडे बघत होते आणि तो वरून आला, त्यात नवल नाही. म्हणून जाणकार मालक हिमाचे पट्टे झाडून काढतात. अंगण झाडल्यासारखं तळं झाडतात, बघण्यासारखं असतं.

शेततळ्याचं संध्याकाळी लिहितो, आता साइटवर आहे.

रामबागकर

तळेराखण, अगदी! त्याने खरोखर खराटा मारलेले चार पट्टे होते. मला वाटलं मुलांना स्केटिंगसाठी असतील.

आणि एका कोपऱ्यात चार बांबू रोवून दोरी बांधलेली होती. तिकडे जायचं नाही म्हणाला, खाली हवेचे बुडबुडे सोडणारं यंत्र आहे. त्याबद्दलही सांगा.

शुद्धशाकाहारी

एवढ्या थंडीत बिचाऱ्या जिवाला भोकातून ओढून काढायचं, यात कसली गंमत? इतकं सुंदर दृश्य दिसलं होतं, बघून सोडून द्यायचं.

रामबागकर

तुमचं म्हणणं हीसुद्धा रोज ऐकवते. ती खात नाही, फक्त शाल दिली होती, आणि त्या शालीला वास लागल्यापासून आमच्यात बोलणं बेताचंच आहे. मीही शेजाऱ्याला विचारलं की धरून परत सोडूया का. तो म्हणाला, उणे नऊमध्ये मासा हवेत धरला की ओले कल्ले गोठतात, मग सोडून उपयोग नाही. सोडायचाच असेल तर पाण्यातल्या पाण्यात गळ काढायचा.

तळेराखण

शेजारी बरोबर बोलला. दुसरं असं, की त्या तळ्यातला ट्राउट सोडला तरी उन्हाळा काढेलच असं नाही. जुलैत वरचं पाणी पंचविशीला जातं, ते त्याला सोसत नाही. खाली गार असतं, पण तिथे प्राणवायू संपलेला. वर ऊन, खाली गुदमर, मधे जागा उरत नाही. म्हणून अशा तळ्यांत ट्राउट हा हिवाळ्याचा पाहुणा असतो: शरदात सोडायचा, उन्हाळ्याच्या आत काढून खायचा. शाकाहारी मंडळींना पटणार नाही, पण मालकाने परत सोडला तरी त्याचं मरण फार लांब नसतं.

बुडबुड्यांचं यंत्र: हिवाळ्यात ते सगळ्यात खोल जागी ठेवायचं नाही, उथळ बाजूला ठेवायचं. खोलात ठेवलं तर तळाचं ४ अंशांचं पाणी ढवळून वर येतं, गार होऊन परत खाली जातं, आणि माशांची उबेची जागाच मोडते. वर उघडं भोक राहिलं की वायू आत-बाहेर होतात, तेवढं बास. पण त्या भोकाच्या आसपासचा बर्फ पातळ असतो आणि वर हिम पडलं की दिसत नाही. बांबू आणि दोरी म्हणूनच. मुलं असतील तिथे हे पहिलं बघावं.

सोलकढी (सोलहून)

आमच्याकडे कोरियात याचा उत्सवच होतो. ह्वाचॉनला जानेवारीत नदी गोठली की हजारो भोकं पाडून ठेवतात आणि लोक रांगेत वाकून बसतात. २००३ पासून चालू आहे. तिथला मासा वेगळा, सान्चॉनो म्हणतात, पण तोही बाहेर वाढवून नदीत सोडलेलाच. रेनबो ट्राउटचा उत्सव प्योंगचांगला असतो, कोरियन भाषेत त्याला सोंगो. एक प्रकार असा की अर्ध्या चड्डीत बर्फाळ पाण्याच्या हौदात उतरून हातानेच मासा धरायचा. माझ्या नवऱ्याने केलं. बाहेर आल्यावर दहा मिनिटं त्याचं नावसुद्धा त्याला सांगता येईना. मासा मात्र घट्ट धरलेला.

कुल्लूची_पाहुणी

मी सहा वर्षं कुल्लूजवळ होते. पतलीकूहलला सरकारी ट्राउट फार्म आहे, १९९० च्या आसपास नॉर्वेच्या मदतीने तो मोठा झाला. बघायला गेलात तर पहिली गोष्ट कानावर येते ती पाण्याचा आवाज. तिथे तळं नाही, सिमेंटच्या लांबट नाल्या आहेत. एका टोकाने ओढ्याचं बर्फगार पाणी घुसतं, दुसऱ्याने बाहेर. मासे सगळे तोंड प्रवाहाकडे करून उभे, पोलीस परेडसारखे. जूनमध्येही त्या पाण्यात हात पाच मिनिटं ठेवता येत नाही. शेततळ्यातल्या उभ्या पाण्यात ते कसं जमेल?

एक ऐकलेलं: इंग्रजांनी काश्मीरला नि निलगिरीला ट्राउट आणला तो शौकापायी. निलगिरीत विल्सन नावाच्या साहेबाने अव्हलांशला हॅचरी उभारली. म्हणजे दक्षिणेतही झालं, पण सहा-सात हजार फुटांवर. इंदूर अठराशे फुटांवर आहे, काका.

सराफा_बारा_वाजता

म्हणून तर लाद्या म्हणतोय ताई.

तळेराखण

लाद्यांचा हिशोब करूनच टाकू. तीस बाय तीस बाय तीन, बाजूचा उतार धरून साधारण २० लाख लिटर पाणी. ते २० अंशांवरून १५ वर आणायचं म्हणजे १ कोटी किलोकॅलरी काढून घ्यायच्या. एक किलो बर्फ वितळून १५ अंशांपर्यंत येताना ९५ घेतो. भागाकार करा: १०० टनांच्या वर बर्फ. पन्नास किलोच्या लाद्या धरल्या तर २१०० लाद्या. आणि हे एकदाच. दुसऱ्या दिवशी माळव्याचं ऊन आहेच.

आता काकांच्या भावाला खरं उत्तर. ट्राउटला १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. विशीत तो खाणं सोडतो, चोविशी-पंचविशीत मरतो. इंदुरात जानेवारीत पहाटे हवा १० च्या आसपास, दुपारी २५-२६. आपण रजई ओढून 'काय थंडी आहे' म्हणतो ती पहाटेची थंडी असते. पाण्याला पहाट आणि दुपार दोन्ही लागतात. शेततळ्याला काळा प्लास्टिकचा कागद असेल तर आणखी तापेल. भावाला म्हणा, आधी एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून सोड. वरचं, मधलं, तळाचं, सकाळी आणि चार वाजता, असं पंधरा दिवस लिहून काढ. मासे आणण्याआधी पाणी वाचायला शिकलं पाहिजे, मग तो ट्राउट असो की कटला.

आणि परका मासा आणून सोडायचा असेल तर मत्स्य विभागाला विचारल्याशिवाय नको. पावसाळ्यात शेततळं ओसंडतं आणि पाणी ओढ्याला लागतं.

नर्मदातीरी

महेश्वरचा आहे. आमच्याकडे घाटावर कणकेच्या गोळ्या टाकल्या की मासे पायांशी गर्दी करतात, कोणी गळ टाकत नाही. मध्य प्रदेशाचा राज्यमासा महाशीर आहे, नर्मदेतलाच, आणि तोच कमी होत चाललाय. धरणांनी वाहतं पाणी थांबलं, रेती उपसली, अंडी घालायला जागा उरली नाही. बडवाहला वनविभागाने त्याची पिल्लं वाढवायचे प्रयत्न केलेत. अमेरिकेचा पाहुणा आणायच्या आधी घरच्याकडे बघा, एवढंच.

भावाला शेततळ्यात कटला, रोहू, मृगल सोडायला सांगा. कटला वर खातो, रोहू मधे, मृगल तळाशी. एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं) पावसाळ्यात मिळते.

मिसळखाऊ_पुणे

धागा ट्राउटवरून पंक्तीच्या नियमांवर आला. छान. काका, ते तीन मासे कसे लागले ते सांगितलंच नाहीत.

रामबागकर

सांगतो. ट्राउटला खवले असतात पण इतके बारीक की खरवडायला लागत नाहीत, नुसता पुसून घ्यायचा. मांस फिकट गुलाबी. मी विचारलं, सॅमन माशासारखं कसं? तर खाद्यात रंगद्रव्य घालतात म्हणे. लेकीने हळद, तिखट, आलं-लसूण लावून रव्यात घोळवून तळले. शेजाऱ्याने आणलेला एक फक्त मीठ-लोणी-लिंबू लावून भाजला. खरं सांगू? त्याचा जास्त चांगला होता. आपल्या मसाल्यापुढे त्या माशाची चव उभी राहत नाही, नाजूक आहे. रोहूला जो दणका लागतो तो याला नको. हे मी लेकीला सांगितलेलं नाही, कोणी कळवू नका.

तळेराखण

शंभर टक्के. कुल्लूतही साधा भाजलेलाच खावा.

रामबागकर (आठवड्याने)

भावाने थर्मामीटर सोडला. फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. सकाळी आठ वाजता वर १९, तळाशी १८. चार वाजता वर २४. कागद काळाच आहे. त्याने वही मला दाखवली आणि म्हणाला, 'दादा, मासा शिजून वर येईल, तळायची गरज नाही.' विषय संपला. पावसाळ्यात बोटुकली आणायचं ठरलंय, नर्मदातीरींना विचारूनच. वही मात्र सोडलेली नाही त्याने, रोज लिहितो. बायकोपेक्षा तळ्याची जास्त विचारपूस करतो असं वहिनीचं म्हणणं.

सराफा_बारा_वाजता

२१०० लाद्यांचा माझा प्रस्ताव रेकॉर्डवर राहू द्या.

रामबागकर (एप्रिल)

धागा वर काढतोय, एक बातमी आहे. तिकडे तळं मोकळं झालं. जावयाने फोटो पाठवला: माझा बुडालेला रॉड! शेजारी होडीतून शेवाळ काढत होता, दाताळ्याला अडकून वर आला. दोरी सगळी बाहेर ओढलेली, एका बुंध्याला तीन वेढे घातलेली. रीळ अजून फिरतं म्हणे.

मिसळखाऊ_पुणे

आणि चौथा मासा?

रामबागकर

गळ सरळ झालाय. सुईसारखा.